घोडा कोणाचा?

कुणी नोकरी सोडली असे कळले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग पुढे काय? प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो, यात शंका नाही. पण त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते, हे मला गेले काही दिवस टोचते आहे. ‘गावी जाऊन सेंद्रिय शेती करणार’, ‘गाणे राहून गेले होते, तेच आता करणार’ असे उत्तर आले की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो. रविवारच्या पुरवण्यांत अशा माणसांवर लेख येतात. फोटोत मागे हिरवे शेत असते आणि मथळ्यात आधीच्या पगाराचा आकडा. उत्तर ‘अजून काही ठरवलेले नाही’ असे आले तर मात्र घरात शांतता पसरते. रात्रीची झोप उडाली होती, रक्तदाब तिशीतच वाढला होता, सोमवारच्या धास्तीने रविवारची संध्याकाळ नासत होती, हे सगळे खरे असले तरी ते पुरेसे कारण ठरत नाही. आजारी पाडणारी नोकरी सोडायची तर दाखवायला एखादे स्वप्न असले पाहिजे, असा हा अलिखित नियम आहे. ज्याच्याजवळ स्वप्न नाही त्याने तिथेच आजारी पडत राहावे, असा त्याचा अर्थ होतो. तो अर्थ आपण कधी मोठ्याने उच्चारत नाही, म्हणून चालून जातो.

नोकरीने माणूस आजारी पडतो हे आता पटवून देण्याची गरज उरलेली नाही. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे वक्तव्य आले. त्यावरची वादावादी सगळ्यांनी वाचली आहे. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, पुण्यातल्या एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र त्या सप्टेंबरात देशभर वाचले गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेला अंदाज असा की २०१६ या एका वर्षात कामाच्या लांबलेल्या तासांमुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने जगभरात सुमारे ७,४५,००० माणसे मेली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. एवढे पुरे.

गोंधळ आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले: कामावर तुम्हांला फार बरे कधी वाटले, आणि फार वाईट कधी वाटले? १९५९ मध्ये छापलेले त्यांचे निष्कर्ष असे होते की दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांची उलट बाजू नव्हती. वाईट वाटण्याची कारणे होती कंपनीची धोरणे, साहेबाची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती. बरे वाटण्याची कारणे होती हातून काही तडीस गेले, त्याची कुणी दखल घेतली, खुद्द काम आवडले. या अभ्यासावर पुढे आक्षेप आले. यशाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, तेवढेच त्यात दिसते, असे काहींचे म्हणणे. तो आक्षेप धरूनही मूळ भेद मला मोलाचा वाटतो. आपल्या भाषेत त्याला जाच आणि पोकळी म्हणता येईल. जाच थांबला म्हणून पोकळी भरत नाही. आणि पोकळी कशाने भरायची हे सुचले नाही म्हणून जाच सोसत राहायला हवा, असेही नाही. ही दोन खाती वेगळी आहेत. ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न ती एकत्र करतो. शिवाय तो अशा माणसाला विचारला जातो ज्याच्याजवळ त्या घटकेला उत्तर असणे सर्वांत अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. यातले तिसरे लक्षण पाहा. ज्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच त्या नोकरीने काढून घेतला आहे, त्याच्याकडे आपण नव्या बेताचा आराखडा मागतो.

आता ज्याच्याशी खरे भांडायचे आहे त्याच्याकडे वळतो. तो म्हणतो, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. हा कुणी दुष्ट माणूस नव्हे. बहुतेक वेळा तो वडील असतो, मामा असतो, थोरली बहीण असते. त्याच्या बाजूने जे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. घराचा हप्ता स्वप्नांवर फिटत नाही. आई-वडिलांची औषधे महिन्याच्या महिन्याला लागतात. आणि त्याची भीती ऐकीव नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी गिरणीच्या दारातून आत गेले नाहीत. लालबाग-परळच्या घरांत त्यानंतर जी वर्षे आली ती पाहिलेल्या माणसाने ‘हातचे सोडू नको’ म्हटले तर तो त्याने अनुभवातून काढलेला हिशेब आहे. पण याच गिरण्यांत सूतखात्यात उभे राहून कापसाची धूळ फुफ्फुसांत साठवलेली माणसेही त्याच घरांत खोकत होती. त्या म्हणीतली खोट इथे आहे. हातात आहे ते हातातच राहणार आहे, असे ती धरून चालते. जी नोकरी शरीर खाते ती आज पगार देते आणि उद्या पगार मिळवण्याची ताकद काढून घेते. म्हणजे हातचेही पळतेच आहे, फक्त सावकाश. त्याचे दुसरे वाक्य असते: त्रास कुठे नसतो? त्रास सगळीकडे असतो हे खरेच. पण वर्षअखेरीचे जागरण हा त्रास आहे, आणि वर्षभर झोप न लागणे हा आजार आहे. दोन्हींना एकच शब्द लावला की आजाराला सहनशीलतेचे नाव मिळते. या मुद्द्यावर मी त्याला काहीही सोडायला तयार नाही.

इथपर्यंत माझा कल सरळ होता. जाच सोडा, मनाजोगे काम शोधा, दोन्ही एकाच दिवशी जमले नाही तरी चालेल, असे म्हणून थांबता आले असते. पण मनाजोग्या कामाकडे नीट पाहिले तर अडचण उभी राहते. समाधान देणारे काम माणसाला आजारी पाडत नाही, असा एक समज आपण बाळगून असतो. तसे असते तर परिचारिका, निवासी डॉक्टर, वार्ताहर, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक हे सर्वांत निरोगी लोक असायला हवे होते. या कामांचा मोबदलाच कामातल्या समाधानाने फेडला गेला असे धरले जाते आणि पगारातून तेवढे कापले जाते. मराठी सरकारी कागदात यासाठी एक नेमका शब्द आहे: मानधन. अंगणवाडी सेविकेला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातली आशा कार्यकर्ती तर कागदोपत्री स्वयंसेविकाच आहे. तिने नेलेल्या बाळंतिणीचा, पाजलेल्या डोसांचा, भरलेल्या नोंदींचा मोबदला कामागणिक मोजला जातो. धनातली तूट मानाने भरायची, असा हा व्यवहार. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. या बायकांना आपले काम निरर्थक वाटते असे कोण म्हणेल? गावातली कितीतरी बाळे त्यांच्यामुळे जगली आहेत. पोकळी नाही, जाच मात्र आहे. म्हणजे समाधान हे जाचावरचे औषध नाही, आणि त्यामुळेच ‘अधिक समाधानाचे काम’ हे नोकरी सोडण्याचे पहिले कारण मानणे मला आता धोक्याचे वाटते. ज्याच्याजवळ समाधान आहे त्याला मग सोडण्याचा हक्कच उरत नाही.

थोडी वाट वाकडी करतो. ‘नोकर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो मंगोलांकडून. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सोबती, साथीदार. सरदाराशी आपणहून जोडून घेणारा मोकळा माणूस. जन्माने बांधलेल्या प्रजेहून तो वेगळा असे. सोबत आपण निवडलेली असते, म्हणून सोडताही येते. शब्दाच्या मुळाशी ही मोकळीक होती, ती प्रवासात कुठेतरी गळून पडली. आपल्या म्हणीतही नोकरी सर्वांत खाली होती: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. दोन-तीन पिढ्यांत हा क्रम पुरता उलटला आणि त्याला सबळ कारणेही होती. पण नोकरीतल्या मोकळिकीबद्दल सर्वांत स्पष्ट विचार मला सापडतो तो मराठी फौजेच्या जुन्या शब्दांत. घोडेस्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. दोघेही त्याच मैदानात लढत, मरतही सारखेच. फरक चाकरी सोडण्याच्या दिवशी दिसे. शिलेदार घोड्याला टाच मारून दुसऱ्या सरदाराकडे जाऊ शकत होता. बारगिराने चाकरी सोडली की तो पायी. शिलेदारी सुखाची होती असे नाही, कारण लढाईत घोडा मेला तर त्याचे घर बसे. आणि शिवाजी महाराजांनी पागेतल्या बारगिरांना शिलेदारांहून वरचा मान दिला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शिस्तीची फौज उभारणाऱ्याला बारगीरच हवा असतो. राज्य स्थापन करताना ते योग्यही असेल. पण आज आपण एखाद्याला ‘तू सोडत का नाहीस?’ किंवा ‘तू सोडलेस कसे?’ असे विचारतो तेव्हा आधी पाहायला हवे ते हेच, की तो बसला आहे तो घोडा कोणाचा.

हा भेद हाताशी धरून बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहिले की या विषयावर मराठी माणसाला बाहेर फार शोधावे लागत नाही. १९३६च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीला श्रमविभागणी म्हणायला नकार दिला, ती श्रमिकांची विभागणी आहे, असे म्हटले. त्याच ठिकाणी त्यांनी सांगितले की ज्या कामात करणाऱ्याचे मन नाही आणि बुद्धी नाही, ज्याची त्याला शिसारी येते, ते काम जन्मभर त्याच्यावर लादणे ही आर्थिक हानीसुद्धा आहे. हे लिहिणाऱ्याने आधी स्वतः एक नोकरी सोडली होती. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची सेवा करायला ते १९१७ मध्ये तिथे गेले. राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते मुंबईला परतले. पुढे काय, याचे उत्तर त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हते. शिकवण्या केल्या, सल्ल्याचा व्यवसाय काढून पाहिला, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. कोलंबियाचे शिक्षण हा त्यांचा स्वतःचा घोडा होता, म्हणून मधले वर्ष निभले, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि ते त्यांनाही ठाऊक होते असे मला वाटते. कारण इतरांना ‘सोडा’ सांगताना ते नुसत्या हिमतीवर थांबले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा निर्धार झाला. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर शिंगे-कातड्यांचे उत्पन्न बुडेल, हा ‘हातचे’वाल्यांचा हिशेब त्या काळी वर्तमानपत्रातूनही मांडला गेला होता. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात त्याची आठवण काढून त्यांनी सांगितले की माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते. पण दरम्यान १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४चा वतन कायदा बदलणारे विधेयकही आणले होते. वतनाची जमीन हे महाराचे हातचे होते आणि तीच बेडी होती: जमीन राखायची तर अपुऱ्या मोबदल्यावर गावाची रात्रंदिवसाची चाकरी सुटत नसे. जमिनीवर सारा भरून ती ठेवता यावी आणि चाकरीतून मोकळे होता यावे, असा त्या विधेयकाचा रोख होता. म्हणजे बारगिराला घोडा मिळवून द्यायचा. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

आयटी पार्कमधल्या वातानुकूलित जाचाची आणि त्या चाकरीची बरोबरी मी करत नाही. ती करणे अपमानाचे होईल. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की सोडण्याला हिंमत लागते हे अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर आपण फार लेख लिहिले. आगरकरांनी मतभेदांमुळे १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि वर्षभराने ‘सुधारक’ काढला, हे आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. त्याग होताच. पण फर्ग्युसनमधली प्राध्यापकी, तुटपुंजी का होईना, त्या वर्षात त्यांच्याजवळ होती. यावर एक आक्षेप येतो, आणि तो ढोरे ओढण्याच्या वेळीही आला होता: सगळ्यांनीच सोडले तर ही कामे करायची कोणी? उत्तर कठीण नाही. काम गरजेचे असेल तर ते माणसाला न मारता करण्याची रीत शोधावी लागते, आणि करणारा निघून जाऊ शकतो असे दिसल्याशिवाय ती रीत शोधण्याचा खर्च कुणी करत नाही. मैला हाताने उचलण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, तरी गटारांत माणसे उतरतात आणि गुदमरतात, कारण उतरायला नकार देणे ज्याला परवडत नाही असा माणूस अजून सहज मिळतो.

आजचे सरकारी घोडे कोणते ते पाहू. कंपनीचा गट आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. म्हणजे नोकरीने ज्याला आजारी केले त्याचे उपचारही तीच नोकरी धरून ठेवते. ९० दिवसांचा नोटीस पीरियड आणि रिलिव्हिंग लेटर यांच्यामुळे ‘मी थकलो’ म्हणणाऱ्याला आणखी तीन महिने थकावे लागते. ग्रॅच्युइटीसाठी १९७२च्या कायद्याने पाच वर्षांची सलग सेवा मागितली, आणि चौथ्या वर्षी कोसळणारा माणूस पाचवे कसेबसे काढतो. पण महाराष्ट्रात या सगळ्याचे सर्वांत उघडे रूप पाहायचे तर बीडकडे जावे. ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत ऊसतोडीच्या बायकांचा प्रश्न पुढे आला आणि चौकशी समिती नेमावी लागली. या बाईला आपण ‘मनाजोगे काम शोध’ असे सांगणार का? तिची उचल फिटेपर्यंत तिला कोयता खाली ठेवता येत नाही. आगाऊ घेतलेल्या पैशाच्या बदल्यात काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे याला १९७६चा कायदा वेठबिगारी म्हणतो. कायदा आहे, मुकादमही आहे.

तेव्हा मी सुरुवातीला जी बाजू घ्यायला निघालो होतो ती आता मला अपुरी वाटते. स्वप्न नसतानाही माणसाला आजारी पाडणारी नोकरी सोडता आली पाहिजे, हे मी अजून म्हणतो. पण ते त्याच्या एकट्याच्या धाडसावर टाकणे हा अन्याय आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, कुठेही नेता येणारा विमा, कुठेही चालणारे कौशल्य, आणि दाराशी आल्यावर प्रश्न न विचारता ताट वाढणारे घर, यांतला जो घोडा ज्याच्याकडे कमी आहे तो मिळवून देणे हे कुटुंबाचे काम आहे, संघटनेचे आहे आणि कायद्याचेही आहे. समाधानाचे काम कुणाला त्यानंतर मिळेल, कुणाला उशिरा मिळेल, कुणाला साधे, बिनजाचाचे काम आणि संध्याकाळी मोकळे घर एवढेच मिळेल. तेही पुष्कळ आहे.

पुढच्या वेळी ओळखीचे कुणी नोकरी सोडून आले तर ‘मग पुढे काय?’ विचारू नका. किती महिन्यांचे भाडे बाजूला आहे ते विचारा, आणि कमी पडत असेल तर आपल्याकडून किती जमेल ते सांगा.